बॉम्बच्या गावात संसार कसा मांडायचा?

माई, नमस्कार.

मी फोंड्याजवळ राहते. माझ्या नवऱ्याला हिरोशिमात माझदा कंपनीत तीन वर्षांचं काम मिळालं आहे. मार्चअखेर आम्ही तिघं निघणार, तो, मी आणि आमची सात वर्षांची मुलगी. घरात पेढे वाटायला हवेत, पण सासूबाईंनी जेवण टाकलंय. म्हणतात, "बॉम्बच्या गावात नातीला नेऊ नका. तिथली माती विषारी, पाणी विषारी. आणि एवढी माणसं अकाली गेली त्या जागेवर सांजवात तरी कशी लावायची?" दिवसा मी हसण्यावारी नेते, पण रात्री मलाही झोप लागत नाही. जिथे लाखभर माणसं गेली तिथे मी भाजी आणायला जाणार, मुलीचा वाढदिवस करणार, हे बरं दिसेल का? तिथल्या लोकांशी बोलायचं काय? मुलीला सांगायचं काय? जपानी मला अजिबात येत नाही.

एक धास्तावलेली, फोंडा

प्रिय धास्तावलेली,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना हसू आलं. रागावू नको. १९९८च्या मार्चमध्ये मीसुद्धा हीच काळजी घेऊन बॅग भरत होते. माझे यजमान तिथल्या विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत दोन वर्षांसाठी गेले आणि म्हापशाच्या शाळेतून बिनपगारी रजा घेऊन मी मागोमाग. माझ्या आईने सोबत पाण्याचा फिल्टर दिला होता. विमानात वीस किलोची परवानगी, त्यात तीन-साडेतीन किलो नुसता फिल्टर. दोन वर्षं तो खोक्यातच राहिला, आणि मी नळाचं पाणी प्यायले.

आधी सासूबाईंचं बघू, कारण त्या उपाशी आहेत.

त्यांच्या भीतीला हसू नको. १९४५ साली खुद्द हिरोशिमात हेच बोललं जात होतं, की आता पंचाहत्तर वर्षं इथे गवताचं पातंही उगवणार नाही. आणि मग जळून काळ्या झालेल्या त्या जमिनीवर जी झाडं सगळ्यांत आधी फुलली त्यांत एक होतं कण्हेर. आपली कण्हेर गे, देवाला वाहतो ती. १९७३ साली महापालिकेने तिला शहराचं फूल म्हणून मान दिला. जुलै-ऑगस्टात तिथल्या नदीकाठी ती गुलाबी-पांढरी फुललेली असते. तुमच्या परसात कण्हेर असेलच. सासूबाई फुलं काढायला जातील तेव्हा त्यांच्यासोबत उभी राहा आणि एवढंच सांग. किरणोत्सर्गाचं गणित नंतर.

ते गणितही अवघड नाही. नवऱ्याने सांगितलं तर त्या ऐकणार नाहीत, तू सांग. तो बॉम्ब जमिनीवर फुटला नाही, शहराच्या वर साधारण सहाशे मीटरवर फुटला. त्यात ६४ किलोच्या आसपास युरेनियम होतं आणि त्यातलं जेमतेम एक किलो प्रत्यक्ष फुटलं. माणसं मेली ती उष्णतेने, हवेच्या धक्क्याने, आगीने आणि पहिल्या मिनिटाभरात आलेल्या किरणांनी. उरलेलं बरंचसं ढगाबरोबर वर गेलं, काही राखेने काळ्या झालेल्या पावसातून खाली आलं. माती आणि लोखंड किरणांमुळे तात्पुरतं तापलं होतं (तापलं म्हणजे किरणं सोडू लागलं), ते पहिल्या काही दिवसांतच झपाट्याने उतरलं. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला मोठं वादळ आलं आणि मातीचा वरचा थर धुऊन गेला. आज तिथली नैसर्गिक किरणांची पातळी जगातल्या इतर कुठल्याही शहरासारखी आहे. केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावर, जिथे वाळूतच थोरियम आहे, तिथे ती कितीतरी जास्त आहे, आणि तिथे लोक पिढ्यान् पिढ्या मासे सुकवतायत.

सासूबाईंच्या डोक्यात चेर्नोबिल आणि हिरोशिमा एक झालेत. पुष्कळांच्या डोक्यात तसं होतं. चेर्नोबिलला जमिनीवरची अणुभट्टी फुटली, तिच्यात कित्येक टन इंधन होतं आणि ते दहा दिवस बाहेर पडत राहिलं. म्हणून ते गाव अजून रिकामं आहे. हिरोशिमात मात्र आज पावणेबारा लाखांच्या आसपास माणसं राहतात, पोरं जन्माला घालतात, नळाचं पाणी पितात. राहिला प्रश्न पुढच्या पिढीचा. वाचलेल्यांच्या मुलांचा अभ्यास तिथे १९४० च्या दशकापासून चालू आहे, आणि त्यांच्यात आनुवंशिक आजार वाढल्याचं आजवर ठोसपणे दिसलेलं नाही. तुझी मुलगी तर १९४५ नंतर ऐंशी वर्षांनी तिथे पाय ठेवणार.

पण सासूबाईंचं एक खरं आहे. त्या गावात घाबरण्यासारखं काहीतरी आहे. फक्त ते दुसरंच आहे.

ते म्हणजे डोंगर. हिरोशिमा सात मुखांच्या ओता नदीने आणलेल्या गाळावर वसलेलं शहर आहे. आता मुखं सहा उरलीत. मागे लगेच डोंगर चढतो. त्या डोंगराचा ग्रॅनाइट कुजून त्याची भुसभुशीत रेतीसारखी माती झालेली, तिला तिथे 'मासादो' म्हणतात. सपाट जमीन कमी, म्हणून घरं उतारावर चढत गेली. आम्ही होतो तेव्हा १९९९च्या २९ जूनला एका दुपारच्या पावसात ठिकठिकाणी दरडी कोसळल्या आणि जिल्ह्यात तीसहून अधिक माणसं गेली. टीव्हीवर ते बघताना मला पहिल्यांदा कळलं की मी चुकीच्या गोष्टीला घाबरत बसले होते. त्यानंतरच जपानने उतारावरच्या धोक्याच्या जागा आखण्याचा कायदा केला. तरीही २०१४च्या ऑगस्टात आसामिनामी आणि आसाकिता या भागांत सत्तरहून अधिक माणसं गेली, आणि २०१८च्या जुलैत पुन्हा. मघाशी माती धुऊन नेणाऱ्या १९४५च्या वादळाचं सांगितलं, त्यानेही हिरोशिमा जिल्ह्यात दोन हजारांच्या वर माणसं घेतली. बॉम्बमधून वाचलेलीसुद्धा त्यांत होती. ही गोष्ट कोणाला ठाऊकच नसते.

तेव्हा घर बघताना कंपनीच्या माणसाला हे विचार: "हे घर धोक्याच्या नकाशावर कुठे येतं?" प्रत्येक वॉर्डाचा तसा नकाशा असतो, त्यात पिवळा आणि लाल असे दोन पट्टे असतात. लाल पट्ट्यात भाडं कमी असलं तरी घेऊ नको. पिवळ्यात घेतलंस तर पावसाळ्यात फोन उशाशी ठेव. इशारा आला की नेमून दिलेली शाळा गाठायची, ते जमलं नाही तर वरचा मजला. चोर्ला घाटात दरड पडल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात वाचणाऱ्या बाईला हे वेगळं समजवायला नको.

आता तू विचारलंस ते, "बरं दिसेल का?"

तू फोंड्याची. म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला का आली, मंगेश कुशस्थळी सोडून प्रियोळला का आला, शांतादुर्गेने केळशी सोडून कवळे का गाठलं, हे तुला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहे. सोळाव्या शतकात देव पालखीत घालून माणसांनी नदी ओलांडली. ज्यांना ओलांडता आली नाही त्यांचं काय झालं तेही आपण ऐकत आलो. आणि त्याच देवळाच्या दारात तू जायांचा वळेसर घेताना घासाघीस करतेस की नाही? जत्रेत भजी-पाव खातेस? पोरीला फुगा घेऊन देतेस? कोणी परदेशी माणूस येऊन म्हणाला, "इथे एवढं झालं, तुम्ही हसता कसे?" तर तू त्याच्याकडे कशी बघशील?

हिरोशिमाची माणसंही तशीच बघतील, फक्त जास्त सभ्यपणे.

बॉम्ब ज्या बिंदूच्या बरोब्बर वर फुटला तिथे आज काय आहे सांगू? एक दवाखाना. शिमा नावाचा. तेव्हाही तिथे दवाखानाच होता, नंतर पुन्हा त्याच जागी बांधला. बाहेर गल्लीत एक छोटा दगड आहे, त्यावर माहिती, आणि दारातून गुडघेदुखीचे पेशंट आत-बाहेर करत असतात. मी तो दगड शोधत गेले आणि दोनदा पुढे निघून गेले. तुझा नवरा जिथे कामाला जाणार त्या कारखान्यालाही आठवण आहे. हिजियामा टेकडी आड आली म्हणून तो वाचला, आणि ऑगस्ट १९४५ पासून काही महिने जिल्ह्याचं सरकारी कार्यालय त्याच इमारतीत भरत होतं. शहरातल्या ट्रॅम तिसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, थोड्याशा अंतरावर पुन्हा सुरू झाल्या. पुरुष सैन्यात गेल्यामुळे त्या वेळी ट्रॅमवर शाळकरी मुली कामाला होत्या. त्या काळातल्या ६५१ आणि ६५२ क्रमांकाच्या गाड्या ट्रॅम कंपनीने अजून जपून ठेवल्यात. आम्ही होतो तेव्हा त्या गर्दीच्या वेळी रस्त्यावर धावायच्या. मी एकदा ६५२ मध्ये चढले, समोर एक कॉलेजचा मुलगा तोंड उघडं टाकून झोपला होता. ते बघून माझा जीव खरंच हलका झाला.

आणि त्या गावाचा आनंद कुठे आहे तेही आधीच शिकून जा, नुसतं दुःख पाठ करून जाऊ नको. तो आनंद म्हणजे कार्प. बेसबॉलचा त्यांचा संघ. १९५१ साली संघ पैशाअभावी बुडत होता तेव्हा लोकांनी मैदानाबाहेर दारूची पिंपं ठेवून त्यांत नाणी टाकली आणि तो वाचवला. १९७५ ला पहिल्यांदा लीग जिंकली, तर गावभर माणसं रडली म्हणतात. पोरीला लाल टोपी घेऊन दे. त्या टोपीने तुमच्या शेजाऱ्यांशी जेवढी ओळख होईल तेवढी तुझ्या सहा महिन्यांच्या जपानी क्लासने होणार नाही.

लोकांशी बोलायचं काय, याचं उत्तर माझ्या एका मूर्खपणातून देते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या. सत्तरीच्या आसपास, कुंड्यांत टोमॅटो लावणाऱ्या. जाऊन दोन आठवडे झाले नव्हते, आणि मी डिक्शनरी बघून एक वाक्य जुळवलं, चार वेळा घोकलं आणि जिना उतरून त्यांना विचारलं, "त्या दिवशी तुम्ही इथेच होता का?" शिक्षिका ना मी, प्रश्न विचारायची सवय. आजींनी झारी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं, आणि एक टोमॅटो तोडून माझ्या हातात दिला. एवढंच. मी वर आले आणि यजमानांना म्हणाले, "केवढं दुःख असेल बघा, बोलवतसुद्धा नाही." त्यानंतर दोन वर्षं मी त्यांच्याशी हळू आवाजात बोलत राहिले, आजाऱ्याशी बोलतात तशी.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी चहाला बोलावलं. बोलता बोलता कळलं की त्या मूळच्या शिमाने जिल्ह्यातल्या, १९६२ साली लग्न होऊन हिरोशिमात आल्या. बॉम्ब पडला तेव्हा त्या दीडशे किलोमीटरवर शाळेत होत्या. "सासरी तो विषय कोणी काढत नसे," त्या म्हणाल्या, "म्हणून मलाही त्यावर काय बोलायचं ते कधी कळलं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हाही नाही कळलं." दोन वर्षं मी एका टोमॅटोवाल्या बाईच्या डोक्यावर न मागितलेलं दुःख ठेवून दिलं होतं.

तेव्हा विचारू नको. सगळं वाच, समजून घे, पण विचारू नको. यामागे नुसता शिष्टाचार नाही. वाचलेल्यांना तिथे 'हिबाकुशा' म्हणतात. कित्येक वर्षं लग्नं जुळवताना तो शब्द लपवला जायचा. मुलीला बॉम्बची किरणं लागलीत, मुलं कशी होतील, अशा चौकशा व्हायच्या, नोकऱ्या नाकारल्या जायच्या. (सासूबाईंच्या मनातलीच भीती, फक्त स्वतःच्या शेजाऱ्यांबद्दल.) अमेरिकेने १९४७ ला जी संशोधन संस्था काढली आणि पुढे हिजियामावर नेली ती त्यांची तपासणी करायची पण उपचार करत नसे, त्याचाही सल होता. १९७५ पासून तिच्या जागी जपान आणि अमेरिका मिळून दुसरी संस्था चालवतात. असं सगळं असताना एखादं घर त्या गोष्टीवर गप्प बसतं ते आपल्या कुतूहलासाठी उघडायचं नसतं.

ज्यांना बोलायचं आहे ते बोलतात, आणि त्यासाठी जागा आहे. पीस पार्कमधल्या संग्रहालयात साक्षीदारांचं कथन होतं, आता तर त्यांचं ऐकून तयार झालेली पुढच्या पिढीची माणसंही त्यांच्या वतीने सांगतात, इंग्रजीतही. तिथे जा आणि शेवटपर्यंत बसून ऐक. घाई करण्यासारखं मात्र आहे. मार्च २०२५ च्या अखेरीस हिरोशिमा आणि नागासाकी मिळून नोंद असलेले हिबाकुशा एक लाखाच्या खाली आले, सरासरी वय शहाऐंशी. त्यांच्या संघटनेला, निहोन हिदान्क्योला, २०२४ साली नोबेल शांतता पुरस्कार मिळाला तो एवढ्यासाठीच, की साठ-सत्तर वर्षं ही माणसं बोलत राहिली.

एका प्रश्नाची मात्र तयारी ठेव, तो तुलाच विचारला जाईल. "तुमच्या देशाकडेही आहे ना?"

मला तो एका महिन्याच्या आत विचारला गेला, कारण मी एप्रिलमध्ये पोचले आणि ११ मे १९९८ ला पोखरण झालं. २८ ला पाकिस्तानने चाचण्या केल्या. हिरोशिमा महापालिका जगात कुठेही अणुचाचणी झाली की त्या देशाला निषेधाचं पत्र पाठवते, तसं आपल्यालाही गेलं. बाजारात माशाच्या दुकानात मला ओळखणारा माणूस होता. त्याने पैसे परत देताना अगदी शांतपणे तो प्रश्न विचारला. घरी फोन केला तर इकडे फटाके वाजत होते. मी त्या दिवशी दुकानात "हो" म्हणाले आणि चीन-पाकिस्तानबद्दल काहीतरी सांगायला लागले. डिक्शनरीतल्या जपानीत भूराजकारण! त्याने मान डोलावली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. आज मला वाटतं, "हो, आहे" एवढं पुरेसं होतं. तुझं मत काहीही असो, देशाची बाजू लढवायला तू तिथे जात नाहीस आणि माफी मागायलाही नाही. हवं तर हे सांग की दरवर्षी ऑगस्टात आपल्या लोकसभेत हिरोशिमाच्या मृतांना उभं राहून श्रद्धांजली वाहतात. तिथे हे कोणाला ठाऊक नसतं, आणि ऐकून त्यांना बरं वाटतं.

पीस पार्कमधल्या कमानीच्या स्मारकाखाली मृतांच्या नावांच्या वह्या ठेवल्यात. दरवर्षी ६ ऑगस्टला नवीन नावं चढतात, आता साडेतीन लाखांच्या घरात गेलीत. समोरच्या दगडावर कोरलंय त्याचा अर्थ असा, की शांत झोपा, चूक पुन्हा होणार नाही. कोणाची चूक, ते लिहिलेलं नाही. जपानीत कर्ता गाळता येतो. टोकियोच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यातले आपले न्यायमूर्ती राधाबिनोद पाल १९५२ साली तिथे गेले तेव्हा त्यांनी याच वाक्यावर बोट ठेवलं होतं. इंग्रजीत भाषांतर करणाऱ्यांना 'आम्ही' घालावं लागतं. मराठीत मात्र ते वाक्य तसंच्या तसं बसतं, कर्त्याशिवाय. मी त्या दगडासमोर उभी राहून ते मनात मराठीत म्हटलं आणि पहिल्यांदाच मला तिथे परकं वाटलं नाही. उद्यानातच कोरियन मृतांचं वेगळं स्मारक आहे, तेही बघ. हजारो कोरियन माणसं त्या दिवशी मेली, त्यांतल्या बऱ्याच जणांना मजुरीला आणलं होतं. ते स्मारक १९९९ पर्यंत उद्यानाच्या बाहेर होतं. आमच्या डोळ्यांदेखत आत आलं. हिरोशिमाही मोठं लष्करी ठाणं होतं, हे तिथली शहाणी माणसं नाकारत नाहीत.

आता पोरगी.

तिला जायच्या आधी सांग, आणि तूच सांग, नाहीतर शाळेतलं दुसरं मूल सांगेल. कदाचित ट्रॅमच सांगेल. शहराच्या मध्यावर एका स्टॉपचं नावच 'गेन्बाकू डोम माए' आहे, अणुबॉम्बच्या घुमटासमोर. तो मोडका घुमट खिडकीतून दिसतो. लपवायचं म्हटलं तरी कसं लपवशील? फार बोलू नको. "खूप वर्षांपूर्वी लढाई चालली होती, तेव्हा या गावावर एक खूप मोठा बॉम्ब टाकला. पुष्कळ माणसं मेली, मुलंही. मग उरलेल्यांनी आणि बाहेरून आलेल्यांनी गाव परत बांधलं. आता आपण तिथे राहणार." एवढं बास. ती जे विचारेल त्याचंच उत्तर दे. पहिला प्रश्न बहुतेक हाच येईल, की परत टाकतील का. "नाही" असं छातीठोकपणे म्हणू नको, मुलांना कळतं. "टाकू नये म्हणून पुष्कळ माणसं काम करतात, तिथे आपण त्यांना भेटू" असं म्हण.

संग्रहालयात मात्र तिला पहिल्या वर्षी नेऊ नको. तिथल्या मुख्य इमारतीत मेलेल्या मुलांचे कपडे आहेत, जळलेला डबा आहे, एक तीनचाकी सायकल आहे. मी चाळिशीची होते आणि त्या सायकलीपाशी बाकावर बसले. तू आधी एकटी जा, मग ठरव. तिला मुलांच्या स्मारकापाशी ने. सदाको सासाकी दोन वर्षांची असताना किरणांत सापडली, बारा वर्षांची होऊन १९५५ ला रक्ताच्या कर्करोगाने गेली. आजारपणात ती कागदाचे क्रौंच पक्षी घडवायची. १९५८ ला ते स्मारक शाळेतल्या मुलांनी वर्गणी काढून उभं केलं. तुझ्या पोरीला घडी घालता येईल, सात वर्षांच्या बोटांना जमतं. तिथे नेऊन लावता येतं.

सांजवातीचं राहिलं. सासूबाईंचा हा प्रश्न मला किरणांपेक्षा जास्त भावला, कारण तो तिथल्या लोकांचाही आहे. ऑगस्टच्या मध्यावर तिथे 'ओबोन' असतो. पितर घरी येतात असं मानतात, आपल्या म्हाळवसासारखंच. हिरोशिमाच्या भागात थडग्यांवर बांबूच्या काडीला लावलेले रंगीत कागदाचे कंदील खोचतात, लाल, निळे, पिवळे. त्या वर्षी कोणी गेलं असेल तर पांढरा. दुरून बघितलंस तर तुला नरकचतुर्दशीच वाटेल. आणि ६ ऑगस्टच्या संध्याकाळी मोतोयासू नदीत, त्या घुमटाच्या पायथ्याशी, कागदी दिवे सोडतात, त्यांवर मेलेल्यांची नावं आणि निरोप लिहिलेले. साखळीला विठ्ठलापुरात त्रिपुरारीला वाळवंटी नदीत दिवे सोडतात, तस्संच. नेमका तिथेच आपला घोटाळा होतो. मी पहिल्या वर्षी त्रिपुरारीच्या उत्साहात गेले, गोव्याच्या बायकांशी असते तेवढ्या आवाजात बोलत, नवी साडी नेसून, कॅमेरा लटकवून. माझ्या शेजारी एक म्हातारा पाण्याकडे बघत उभा होता, तो दोन पावलं बाजूला सरकला. कोणी काही बोललं नाही. दिवा सोडायचा असेल तर सोड, कोणीही सोडू शकतं. साधे कपडे घाल आणि फोन पर्समध्ये ठेव. घरात सांजवात मात्र रोज लाव, बिनधास्त. एक काम कर, देवघर खिडकीच्या पडद्याजवळ मांडू नको. लाकडाची घरं असतात आणि धुराची घंटा वाजली की अख्ख्या इमारतीतली माणसं खाली उतरतात. हेही अनुभवाने सांगते, उदबत्तीमुळे.

बाकीचं भरभर. पोचल्यापासून चौदा दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा, नवऱ्याला कामातून सवड मिळणार नाही, तूच जा. कचरा आठ प्रकारांत वेगळा करावा लागतो. त्याचं वेळापत्रक दाराला चिकटव, पहिल्या महिन्यात शेजारी जे काही बोलतील ते यावरूनच. जपानी शून्य असलं तरी 'सुमिमासेन' आणि 'ओनेगाइ शिमास' घोकून जा, पहिलं वर्ष दोन्हींवर निघतं. मासे खात असशील तर तुझी मजा आहे. जपानच्या कालवांपैकी निम्म्याहून अधिक हिरोशिमाच्या खाडीत पिकतात, हिवाळ्यात ती इतकी टपोरी मिळतात की आपल्या झुआरीच्या कालवांची आठवण काढून रडायचं कारण नाही. खात नसशील तर प्रत्येक सूपाच्या पाण्यात मासा असतो हे धरून चाल. ओकोनोमियाकी म्हणजे कोबी आणि नूडल्सचं थरावर थर धिरडं, युद्धानंतरच्या टंचाईत मोठं झालेलं. डुकराचं मांस नको असेल तर आधी सांगायला लागतं. मांसाचे पदार्थ आणि ताजी फळं तिकडे नेता येत नाहीत, त्यामुळे मानकुराद आंबे आणि कोणा शेजाऱ्याने हौसेने दिलेली 'चोरीस' (आपली डुकराच्या मांसाची सॉसेज) दोन्ही विमानतळावर काढून घेतील. नारळाची चिंता करू नको, डब्यातलं दूध मिळतं, त्यात हुमण (नारळाच्या रसातलं माशाचं कालवण) होतं. अगदीच बरं नाही होत, पण होतं.

सासूबाईंशी बोलायची वेळ आत्ताच ठरवून टाक. तिथलं घड्याळ साडेतीन तास पुढे. तू दुपारची भांडी आवरून तीन वाजता फोन केलास तर इकडे साडेअकरा, त्यांची पूजा झालेली असेल. ६ ऑगस्टला तिथे सकाळी सव्वाआठला घंटा वाजते आणि मिनिटभर सगळं थांबतं. इकडे तेव्हा पावणेपाच झालेले असतात, पाववाला पदेरही आलेला नसतो. त्यांना हे सांगून ठेव. त्या बहुतेक उठलेल्याच असतील.

तुझी,
माई